जुन्या सायकलीचा पुढचा शॉकअप: काढावा केव्हा, काढावा कसा

यवतमाळ जिल्ह्यात वापरात असलेल्या अनेक गिअरच्या आणि बिनगिअरच्या सायकलींच्या पुढच्या चाकावर शॉकअप असतो, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या चिमट्याच्या दोन्ही पायांत स्प्रिंग घालून रस्त्याचा धक्का हँडलपर्यंत पोहोचण्याआधी शोषून घेण्याची योजना केलेली असते. चांगल्या प्रतीच्या चिमट्यात ही योजना उत्तम काम करते. परंतु कमी किमतीच्या सायकलींवर जो शॉकअप बसवून येतो त्यात स्प्रिंगच्या उसळीला आवर घालणारी तेलाची व्यवस्था बहुधा नसते, आतल्या नळ्या प्लॅस्टिकच्या साध्या बुशांमध्ये सरकतात, आणि काही पावसाळे गेले की त्या नळ्यांना गंज चढून शॉकअप एकतर जागच्या जागी अडकून बसतो किंवा इतका सैल होतो की ब्रेक दाबताच पुढचे चाक मागेपुढे डुलू लागते. अशा अवस्थेतला शॉकअप काढून त्याच्या जागी स्प्रिंग नसलेला साधा चिमटा बसविणे हाच बहुतेक वेळा शहाणपणाचा मार्ग असतो. मात्र नव्या चिमट्याची लांबी जुन्याशी जुळली नाही तर सायकलीचे वळणे, तोल आणि पायडलची जमिनीपासूनची उंची ही सर्वच बिघडतात. म्हणून या कामात पान्याच्या आधी मोजपट्टी हातात घ्यावी लागते.

शॉकअप काढण्याचा विचार वजनापासून सुरू केला तर २६ इंची चाकाचा स्प्रिंगचा स्वस्त चिमटा साधारण सव्वादोन ते पावणेतीन किलोचा असतो, तर त्याच मापाचा पोलादी साधा चिमटा एक ते सव्वा किलोच्या आसपास भरतो. एक-दीड किलोचा हा फरक सपाट रस्त्यावर फारसा जाणवत नाही. पण चढावर सीटवरून उठून, हँडलवर भार टाकून पायडल मारताना स्प्रिंग प्रत्येक वेळी दबते आणि पायाचे काही बळ चाकाला मिळण्याऐवजी स्प्रिंग दाबण्यात खर्ची पडते. यवतमाळ शहर पठारावर वसलेले असल्यामुळे तेथून बाहेर पडणाऱ्या रस्त्यांवर चढउतार सतत भेटतात, आणि आर्णीपुढच्या कोसदनी घाटासारखा रस्ता भार घेऊन चढणाऱ्याला हे नुकसान लगेच कळते. याशिवाय हँडलला पिशव्या, दुधाचे कॅन किंवा शाळेचे दप्तर अडकवले की स्प्रिंग आधीच अर्धी दबलेली असते, त्यामुळे खड्डा आला तेव्हा शोषून घेण्यासाठी तिच्याजवळ फारसा वाव उरलेला नसतो.

या जिल्ह्याची माती आणि धूळ यांचाही हिशेब करणे भाग आहे. काळ्या कापसाच्या जमिनीतून जाणारे पांदण रस्ते पावसाळ्यात चिकट चिखलाचे होतात, आणि शॉकअपच्या दोन पायांना टायरच्या वरून जोडणारी जी कमान असते तिच्यात व टायरमध्ये फट कमी असल्याने हा चिखल तेथे थापला जाऊन चाक फिरायचेच थांबते. साध्या चिमट्यात ही कमान नसते, आणि त्याचा माथा टायरपासून पुरेसा वर असेल तर चिखल अडकण्याचे प्रमाण बरेच कमी होते. पूर्वेकडे वणी, मारेगाव, झरी जामणी या पट्ट्यात कोळशाच्या आणि चुनखडीच्या वाहतुकीमुळे रस्त्याकडेची धूळ बारीक आणि कठीण असते. ती शॉकअपच्या नळीवरील ग्रीसमध्ये मिसळली की पॉलिश पेपरसारखे काम करते आणि बुशांची झीज वाढवते. उलट कळंब, यवतमाळ, आर्णी, महागाव, उमरखेड या गावांवरून जाणारा नागपूर–तुळजापूर महामार्ग किंवा पांढरकवड्यावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ यांसारख्या गुळगुळीत रस्त्यांवर स्प्रिंगला करण्यासारखे काही उरतच नाही. स्वस्त स्प्रिंगचा मोठा दोष असा की ती मोठ्या खड्ड्यात दबते, पण उखडलेल्या डांबरावरील बारीक, जलद थरथर तिला जाणवत नाही, कारण आतल्या नळ्यांचे घर्षणच त्या लहान धक्क्यांपेक्षा जास्त असते; आणि हात दुखवते ती प्रामुख्याने हीच थरथर.

तरीही प्रत्येक शॉकअप काढून टाकावा असा याचा अर्थ नाही. मनगटाचा, खांद्याचा किंवा मानेचा आजार असलेल्या व्यक्तीची सायकल, ज्यात हवेचा दाब व तेलाचे नियंत्रण आहे असा चांगल्या प्रतीचा चिमटा, किंवा ज्या सायकलीवर रुंद टायर बसायला जागाच नाही अशी सायकल, या तीन बाबतींत शॉकअप उघडून, साफ करून, ताजे ग्रीस घालून पुन्हा वापरणे अधिक योग्य ठरते. तपासणी सोपी आहे: पुढचा ब्रेक घट्ट दाबून सायकल मागेपुढे हलवावी आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताचे बोट शॉकअपची आतली नळी बाहेरच्या पायात जिथे शिरते त्या सांध्यावर ठेवावे. तेथे खडखड जाणवली तर बुश झिजलेले आहेत. हँडलखालच्या वाटीजवळ जाणवली तर दोष शॉकअपचा नसून वाटीतील छर्ऱ्यांचा आहे, आणि तो ग्रीस घालून व नट आवळून निघतो. ही तपासणी न करता केवळ आवाज येतो म्हणून चिमटा बदलणारे ग्राहक पुष्कळदा अकारण खर्च करतात. अडकलेला किंवा सैल शॉकअप वेल्डिंग करून कायमचा बंद करण्याचा जुगाडही कधी सुचवला जातो. तो कोणत्याही परिस्थितीत करू नये, कारण पातळ नळी वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याजवळच कमकुवत होते आणि पुढचा चिमटा तुटणे हा सायकलीवरील सर्वांत घातक अपघातांपैकी एक आहे.

लांबीचे गणित

चिमट्याची लांबी मोजायची ती एक्सलच्या मध्यापासून चिमट्याच्या माथ्यापर्यंत, म्हणजे जेथे खालच्या छर्ऱ्यांची कडी बसते त्या बैठकीपर्यंत. ६० ते ८० मिलिमीटर दबणाऱ्या २६ इंची शॉकअपची ही लांबी साधारण ४३५ ते ४५५ मिलिमीटर असते, तर जुन्या पद्धतीच्या साध्या २६ इंची चिमट्याची ३९० ते ४०० मिलिमीटरच असते, आणि गावातल्या दुकानात सहज मिळतो तो बहुधा हा दुसरा आखूड चिमटा. शॉकअपच्या सायकलीसाठी मुद्दाम लांब केलेला साधा चिमटाही बाजारात असतो, त्याची लांबी सुमारे ४२० ते ४४५ मिलिमीटर भरते. जवळ तो मिळाला नाही तर नागपूर-पुण्याहून किंवा ऑनलाइन मागवावा. चार दिवस थांबावे लागले तरी चालेल, पण हाताशी आहे म्हणून आखूड चिमटा बसवू नये.

शॉकअपची लांबी मोजताना आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. माणूस सायकलीवर बसला की स्प्रिंग स्वतःच काही प्रमाणात दबते, आणि फ्रेम घडवताना कारखान्याने हे दबणे गृहीत धरलेले असते. ते मोजण्यासाठी शॉकअपच्या आतल्या नळीवर रबर बँड गुंडाळून तो खालच्या कडेला टेकवावा, भिंतीचा आधार घेऊन सायकलीवर नेहमीच्या पद्धतीने बसावे, हळूच उतरावे आणि रबर बँड किती वर सरकला ते पाहावे. ८० मिलिमीटर दबणाऱ्या शॉकअपमध्ये हे अंतर सामान्यतः १५ ते २० मिलिमीटर येते. शॉकअप ४५० मिलिमीटरचा आणि बसल्यावरचे दबणे २० मिलिमीटर असेल तर नवा साधा चिमटा ४३० मिलिमीटरच्या आसपासचा हवा, आणि पाच-सात मिलिमीटर इकडेतिकडे झाले तरी चालते. शॉकअप गंजून अडकलेला असेल तर मात्र रबर बँडची रीत उपयोगी पडत नाही. अशा वेळी तो पूर्ण उघडलेल्या अवस्थेत अडकला आहे की दबलेल्या, हे आधी पाहून मगच मोजमाप धरावे.

ही लांबी चुकल्यावर काय घडते ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. दोन्ही चाकांच्या एक्सलमधील अंतर १०५० मिलिमीटर असलेल्या सायकलीला ४३० ऐवजी ३९५ मिलिमीटरचा चिमटा बसवला, तर फ्रेमचे पुढचे टोक ३५ मिलिमीटर खाली येते आणि सगळी फ्रेम जवळजवळ दोन अंशांनी पुढे कलते. त्यामुळे हेड ट्यूब, म्हणजे फ्रेमच्या पुढच्या टोकाची ज्यातून चिमट्याची दांडी वर जाते ती नळी, अधिक उभी होते, आणि वळण्याच्या स्वभावावर ज्याचा थेट परिणाम होतो ते अंतर कमी होते. हे अंतर असे: हेड ट्यूबमधून जाणारी कलती रेषा पुढे वाढवली तर ती जमिनीला ज्या बिंदूत मिळते, त्याच्या थोडे मागे टायर जमिनीला टेकलेला असतो, या दोन बिंदूंमधील अंतराला सायकलीच्या तंत्रात ट्रेल म्हणतात, आणि तेच चाकाला आपोआप सरळ ठेवते. ७१ अंशांची हेड ट्यूब, ३३५ मिलिमीटर त्रिज्येचे चाक आणि ४० मिलिमीटर पुढे वळवलेला चिमटा असताना ट्रेल सुमारे ७३ मिलिमीटर येतो. हेड ट्यूब ७३ अंशांची झाली की तोच ६१ मिलिमीटरवर उतरतो. सायकल त्यामुळे बाजारातल्या गर्दीत चपळ वाटते, पण उतारावर वेग वाढला की हँडल अस्थिर होते. खालच्या बाजूला क्रँकचा मध्य सुमारे १४ मिलिमीटरने खाली येतो, आणि बैलगाडीच्या चाकोरीतून जाताना पायडल कडेच्या ढेकळांना लागू लागते. उंचीने लहान असलेल्या मुलाला हा फरक कदाचित सोयीचाही वाटेल; पण उंची कमी करायचीच असेल तर सीट खाली घ्यावी, चिमटा आखूड करू नये.

दांडी, वाटी आणि ब्रेक

चिमट्याची उभी दांडी हेड ट्यूबमधून वर येते आणि तिला हँडल जोडलेले असते. या दांडीचा बाहेरचा व्यास जुन्या काळ्या सायकलींत आणि अनेक साध्या सायकलींत २५.४ मिलिमीटर म्हणजे एक इंच असतो, तर नंतरच्या गिअरच्या सायकलींत प्रामुख्याने २८.६ मिलिमीटर असतो. दांडीच्या वरच्या टोकाला आटे असतील तर तिच्यावर वरची वाटी आणि आवळण्याचे नट बसतात व हँडलचा स्टेम दांडीच्या आत उतरतो. आटे नसतील तर स्टेम दांडीला बाहेरून पकडतो. या दोन पद्धतींचे भाग एकमेकांत बसत नाहीत, म्हणून नवा चिमटा जुन्याच पद्धतीचा आणि जुन्याच व्यासाचा घ्यावा, आणि आट्याच्या दांडीबाबत लांबीही तंतोतंत जुळवावी, कारण आटे पुरेसे खालपर्यंत नसतील तर वाटी आवळली जात नाही. चिमट्याच्या माथ्यावर ठोकून बसवलेली खालची कडी एक इंची दांडीत दोन मापांची आढळते, २६.४ आणि २७ मिलिमीटर. केवळ अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा हा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण ढिली कडी पत्र्याचा तुकडा घालून बसवली तर काही आठवड्यांत हँडल पुन्हा खडखडू लागते. कॅलिपरने मोजूनच ती घ्यावी.

ब्रेकचा विचार चिमटा विकत घेण्यापूर्वी करावा लागतो. रिमला दोन्ही बाजूंनी दाबणारा व्ही-ब्रेक असेल तर नव्या चिमट्यावर त्याच्या दोन खुंट्या असाव्या लागतात, आणि त्यांची जागा चाकाच्या मापावर ठरते. डिस्क ब्रेक असेल तर चिमट्याच्या डाव्या पायावर कॅलिपर बसवण्याची पाती कारखान्यातच जोडलेली असावी. नसलेली पाती पट्टीने बांधून किंवा वेल्डिंगने जोडून घेऊ नये, कारण डिस्क ब्रेक दाबल्यावर सगळा जोर त्या एका पायावर येतो आणि डिस्कसाठी न घडवलेला पाय वाकतो. पुढच्या हबची रुंदी आजच्या बहुतेक साध्या सायकलींत १०० मिलिमीटर असते, पण जुन्या सायकलींत ती कमी सापडते. चिमट्याचे पाय हाताने फाकवून चाक बसवण्यापेक्षा योग्य रुंदीचा चिमटा निवडणे चांगले.

प्रत्यक्ष काम दोन तासांचे आहे, पण क्रम पाळावा लागतो. आधी पुढचा ब्रेक मोकळा करून चाक काढावे, मग स्टेम सैल करून हँडल केबलसकट बाजूला बांधून ठेवावे. वरचा नट किंवा टोपी उघडताना चिमटा खालून एका हाताने धरावा, नाहीतर तो सुटून पडतो आणि सुटे छर्रे घरभर विखुरतात. म्हणून खाली कापड अंथरावे. वाट्या पुसून, त्यांच्या धावेत खड्डे पडले आहेत का ते नखाने चाचपून पाहावे, आणि खड्डे असतील तर वाट्या व छर्रे दोन्ही बदलावेत, एकटे छर्रे बदलण्यात अर्थ नाही. नव्या चिमट्याच्या माथ्यावर कडी पूर्ण टेकेपर्यंत नळीच्या तुकड्याच्या साहाय्याने सरळ ठोकावी. वाट्यांत भरपूर ग्रीस भरून चिमटा वर चढवताना त्याचे पाय पुढच्या दिशेला वळलेले आहेत याची खात्री करावी. उलटा बसवलेला चिमटा क्वचित का होईना दुकानांतून बाहेर पडलेला दिसतो, आणि तो धोकादायक असतो. बिनआट्याची दांडी जादा लांब असेल तर ती लगेच कापू नये. स्टेमच्या वरखाली अंतराच्या कड्या घालून काही दिवस चालवून पाहावे, हँडलची उंची पक्की ठरल्यावरच हॅकसॉने काटकोनात कापावे, आणि कापलेले टोक स्टेमच्या वरच्या कडेपेक्षा सुमारे ३ मिलिमीटर खाली राहील असे पाहावे, कारण ते वर आले तर टोपी कितीही आवळली तरी छर्ऱ्यांवर दाब येत नाही. टोपीचा बोल्ट केवळ छर्ऱ्यांचा खेळ घालवण्यापुरता आवळायचा असतो; हँडलला खरी पकड देतात ते स्टेमच्या बाजूचे बोल्ट, आणि ते नंतर आवळायचे असतात.

धक्का कोणी सोसायचा

शॉकअप गेल्यावर रस्त्याचा धक्का सोसण्याचे काम टायरकडे येते, आणि योग्य रुंदीचा, योग्य हवेचा टायर हे काम स्वस्त स्प्रिंगपेक्षा चांगले करतो, विशेषतः ज्या बारीक थरथरीचा वर उल्लेख आला तिच्या बाबतीत. २६ इंची चाकावर सुमारे ५० मिलिमीटर रुंदीचा टायर बसत असेल तर ६० ते ७५ किलो वजनाच्या माणसाला पुढे ३० ते ३५ आणि मागे ३५ ते ४० पौंड हवा पुरते. टायरच्या बाजूवर छापलेली कमाल व किमान मर्यादा ओलांडू नये. दुकानात हवा भरताना टायर दगडासारखा कडक करण्याची सवय सर्वत्र आहे, आणि साध्या चिमट्याची सायकल हाताला लागते अशी जी तक्रार ऐकू येते तिचे कारण अनेकदा चिमट्यात नसून या जादा हवेत असते. रबरी नळीच्या जुन्या पद्धतीचा व्हॉल्व्ह असलेल्या ट्यूबमध्ये पंपावरील काटा आतला दाब नीट दाखवत नाही. मोटारसायकलीसारखा व्हॉल्व्ह असलेली ट्यूब घेतली तर हवा मोजता येते, आणि ती मोजता येणे ही या सगळ्या सुधारणेतली सर्वांत कमी खर्चाची व सर्वांत जास्त सुख देणारी बाब आहे. मात्र त्या व्हॉल्व्हसाठी रिमचे भोक पुरेसे मोठे आहे का, हे आधी पाहावे.

टायर विकत घेताना केवळ इंचांवर विसंबू नये. २६ इंच म्हणून विकले जाणारे दोन टायर एकमेकांच्या रिमवर बसत नाहीत: गिअरच्या जाड टायरच्या सायकलीची रिम ५५९ मिलिमीटरची, तर २६ गुणिले एक पूर्णांक तीन अष्टमांश असे लिहिलेल्या, मुलींच्या अनेक सायकलींवरील बारीक टायरची ५९० मिलिमीटरची असते. जुन्या काळ्या सायकलीच्या २८ इंची चाकाची रिम ६३५ मिलिमीटरची, आणि नव्या रोड सायकलींची ६२२ मिलिमीटरची. हा आकडा टायरच्या बाजूवर रुंदीच्या पुढे छापलेला असतो, आणि दुकानदाराला तोच वाचून दाखवावा.

जुन्या साध्या सायकलींना, ज्यांना मुळातच शॉकअप नाही, तो नव्याने बसवून घेण्याची मागणी कधी कधी मुलांकडून होते. वरच्या गणितावरून तसे करू नये हे स्पष्ट आहे, कारण लांब चिमट्याने फ्रेम मागे कलते आणि हँडल जड होते. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना मिळालेल्या सायकली, आजोबांच्या काळातील दांडीच्या काळ्या सायकली, किंवा ॲटलसच्या सायकली, ज्यांचा साहिबाबादचा कारखाना जून २०२० मध्ये बंद पडला, या सर्वांना लागणारे छर्रे, कोन, वाट्या, फ्रीव्हील हे भाग ठरावीक मापांचे असल्याने आजही मिळतात. पुढच्या हबमध्ये बहुधा ४.७६ मिलिमीटरचे आणि मागच्या हबमध्ये व क्रँकमध्ये ६.३५ मिलिमीटरचे छर्रे लागतात. पावसाळा संपला की ते काढून, धुऊन, नवे ग्रीस घातले तर तीच सायकल हलकी चालते. पोलादी रिम ओली झाली की रबरी ब्रेक जवळजवळ पकडत नाहीत, ही गोष्ट शाळेत जाणाऱ्या मुलांच्या पालकांनी गंभीरपणे घ्यावी आणि पैसे थोडेच असतील तर ते आधी ब्रेकवर व ॲल्युमिनियमच्या रिमवर घालावेत, रंगावर किंवा गिअरवर नंतर. सांध्याच्या दांड्यांनी चालणारे जुने ब्रेक रिमच्या आतल्या बाजूवर दाबतात, त्यामुळे तेथे रिम बदलली की ब्रेकही बदलावा लागतो आणि खर्च वाढतो. अशा सायकलीत नवे ब्रेक रबर, चाकाचा काढलेला आऊट आणि पावसात बेताचा वेग यांवरच समाधान मानावे. चढ जड जात असेल तर पुढे ४४ आणि मागे १८ दाते असलेल्या २८ इंची सायकलीला मागे २२ दात्यांचे फ्रीव्हील बसवावे. क्रँकच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे साडेपाच मीटरऐवजी साडेचार मीटर जाते, वेग थोडा कमी होतो, पण पायावरचा भार जवळजवळ पाचव्या हिश्श्याने उतरतो. साखळीला एखाददुसरा दुवा वाढवावा लागेल.

मागेही स्प्रिंग असलेल्या, म्हणजे डबल शॉकअपच्या सायकलींचा प्रश्न वेगळा आहे. मागची स्प्रिंग काढून टाकता येत नाही, कारण मधल्या खिळीवर फिरणारे फ्रेमचे दोन भाग तीच एकमेकांपासून योग्य अंतरावर धरून ठेवते. त्या जागी त्याच लांबीची भक्कम दांडी बसवता येते, पण त्या खिळीचे बुश झिजले असतील तर मागचे चाक तरीही डुलते. अशी सायकल जुनी झाली असेल तर तिच्यावर नवा चिमटा घालण्यापेक्षा तिची चाके व ब्रेक दुसऱ्या साध्या फ्रेमवर चढवणे बरे.

पाठ टेकून चालवायची सायकल

शॉकअप काढण्याचा विषय सर्वांत नाजूक होतो तो रिकंबंटमध्ये, म्हणजे खुर्चीसारख्या आसनावर पाठ टेकून, पाय पुढे पसरून चालवायच्या सायकलीत. या सायकलीचा इतिहास अभ्यासण्यासारखा आहे: फ्रान्समधील शार्ल मोशे यांनी घडवलेल्या अशाच सायकलीवर फ्रान्सिस फोर याने ७ जुलै १९३३ रोजी पॅरिसमध्ये एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापून विक्रम केला, आणि पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने स्पर्धेच्या सायकलीची व्याख्या अशी केली की ही रचना स्पर्धांमधून बाहेर पडली. भारतात ती दुकानात सहज मिळत नसल्याने जी कोणाकडे असेल ती बहुधा बाहेरून आणलेली, दुसऱ्या हाताची किंवा फॅब्रिकेशनच्या दुकानात घडवून घेतलेली असते, आणि म्हणूनच तिच्या जुन्या शॉकअपचे सुटे भाग मिळणे अवघड असते. साधा चिमटा बसविण्याचे हे कारण सबळ आहे.

परंतु रिकंबंटवर बसलेला माणूस खड्डा आल्यावर सीटवरून उठू शकत नाही; धक्का सरळ पाठीला व मानेला जातो. पुढचे चाकही अनेकदा २० इंची असल्याने ते मोठ्या चाकापेक्षा खड्ड्यात अधिक खोल उतरते. म्हणून येथे नियम असा असावा की मागच्या चाकाला स्प्रिंग असेल आणि पुढे ४५ ते ५० मिलिमीटर रुंदीचा टायर बसत असेल तरच पुढचा शॉकअप काढावा. मागे स्प्रिंग नसेल, तर यवतमाळच्या आतल्या रस्त्यांसाठी पुढचाही काढू नये, त्याचीच दुरुस्ती करावी. ट्रेलचे गणित येथे अधिक काटेकोर ठरते. २० इंची चाकाची त्रिज्या सुमारे २४३ मिलिमीटर धरली, तर ७१ अंशांच्या हेड ट्यूबला आणि ४० मिलिमीटर पुढे वळवलेल्या चिमट्याला ट्रेल केवळ ४१ मिलिमीटरच मिळतो, आणि दोन अंशांनी हेड ट्यूब उभी झाली की तो ३२ वर येतो. मुळातच थोडे असलेले स्थैर्य त्यामुळे झपाट्याने कमी होते. चिमटा ४० मिलिमीटरने आखूड झाला तर एक्सलमधील अंतर १०५० मिलिमीटर असलेल्या आखूड रिकंबंटमध्ये फ्रेम सव्वादोन अंशांच्या जवळपास कलते, पण १६५० मिलिमीटरच्या लांब रिकंबंटमध्ये दीड अंशाहून कमी. म्हणून लांब सायकलीत थोडी चूक खपते, आखूडमध्ये खपत नाही. फ्रेम पुढे कलल्याने पाठीचे आसनही तेवढेच उभे होते, ते मागे झुकवून घ्यावे, आणि आखूड रिकंबंटमध्ये हँडल वळवताना टाच पुढच्या चाकाला लागत नाही ना, हे सायकल उभी असतानाच दोन्ही बाजूंना वळवून पाहावे.

२० इंची चाकांतही दोन मापे आहेत, ४०६ आणि ४५१ मिलिमीटर, आणि एका मापाच्या चिमट्यावरील व्ही-ब्रेकची खुंटी दुसऱ्या रिमपासून २२ मिलिमीटरहून अधिक दूर पडते. जुन्या रिकंबंटमध्ये शॉकअपबरोबरच साखळीकडे लक्ष द्यावे: ती साध्या सायकलीच्या अडीच ते तीन साखळ्यांएवढी लांब असते आणि आसनाखालून जाताना एका फिरत्या चकतीवरून वळते, त्या चकतीचे बेअरिंग कोरडे पडले असेल तर चिमटा बदलूनही सायकल जडच लागेल. ब्रेकच्या व गिअरच्या लांब केबल बाहेरच्या आवरणासकट बदलाव्यात. दिव्यांग व्यक्तींसाठी कानपूरची, १९७२ साली स्थापन झालेली ॲलिम्को ही केंद्र सरकारची संस्था ज्या हाताने चालवायच्या तीनचाकी बनवते, त्या रिकंबंट नसल्या तरी त्यांवरही बसणाऱ्याला धक्का चुकवता येत नाही. त्यांच्या पुढच्या चिमट्याची रचना बदलू नये, टायरची हवा, आसनाची गादी आणि चाकांचे छर्रे एवढ्यावरच काम करावे.

चिमटा बदलल्यानंतर पहिली फेरी रहदारी नसलेल्या सपाट रस्त्यावर घ्यावी. आधी उभ्या सायकलीचा पुढचा ब्रेक दाबून तिला जोराने पुढे ढकलून पाहावे. नंतर चालत्या वेगात, मग मध्यम वेगात ब्रेक लावून चिमट्याचे पाय थरथरतात का आणि ब्रेकचे रबर रिमवरच बसते की टायरला घासते हे पाहावे. उतारावर हँडलवरची पकड सैल करून सायकल सरळ राहते का याची परीक्षा मात्र घेऊ नये. हँडल थरथरत असेल तर ते पकड ठेवूनही कळते. पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरनंतर वाट्या बसून किंचित खेळ निर्माण होतो, तेव्हा आधी स्टेमचे बाजूचे बोल्ट सैल करून, टोपी थोडी आवळून, पुन्हा बाजूचे बोल्ट पक्के करावेत; आट्याच्या दांडीत वरचा नट सैल करून वाटी अंशमात्र फिरवावी आणि नट पुन्हा आवळावा. हँडल मोकळे वळते आणि ब्रेक दाबून हलवल्यावर खडखड येत नाही, असे दोन्ही एकाच वेळी साधले म्हणजे काम पुरे झाले.